बांधावरचा घायपात, वाहाकाचे मेस्काल आणि आपला गूळ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घायपातापासून मेक्सिकोत मेस्काल नावाचे महागडे मद्य निघते, मग आपल्या बांधावरचा घायपात वाया का घालवायचा, असा प्रश्न हल्ली शेतीच्या मेळाव्यांत आणि गावच्या पारावरही ऐकू येतो. जत-आटपाडीच्या माळापासून हातकणंगल्याच्या मुरमाड रानांपर्यंत हे झाड दिसते, पाणी मागत नाही, जनावर तोंड लावत नाही. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर देणारे बाटलीचा भाव सांगून थांबतात. ती बाटली भरेपर्यंत काय काय करावे लागते, कुठे काय बिघडते, हे कोणी सांगत नाही. ते नीट मांडावे म्हणून हे पत्र. गुऱ्हाळघरांच्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला मेस्कालकडून घेण्यासारखे काहीतरी आहे, पण ते घायपाताच्या रोपात नाही, असे आमचे मत आहे.

आधी झाड. मेस्कालचे माहेर म्हणजे दक्षिण मेक्सिकोतले वाहाका राज्य, आणि तिथले बहुतेक मेस्काल एस्पादीन या जातीचे असते. शास्त्रीय नाव अगेव्ह अँगुस्टिफोलिया. ती लागवडीपासून साधारण ६ ते ८ वर्षांनी तोडणीला येते. डोंगरात वाढणारी छोटी तोबाला जात १० ते १५ वर्षे घेते आणि तेपेस्ताते तर २५ वर्षांपर्यंत. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक राखाडी-निळसर, रुंद पानांचा, कडेला आकडेदार काटे असलेला अगेव्ह अमेरिकाना. दुसरा वाखासाठी (दोरखंडाच्या धाग्यासाठी) लावलेला अगेव्ह सिसालाना, ज्याची पाने तलवारीसारखी सरळ आणि कडेने जवळजवळ बिनकाट्यांची. यातल्या पहिल्यापासून मद्य निघते. दख्खनच्या पठारावरचा हाच घायपात वापरून आंध्र प्रदेशात चित्तूर भागातल्या परवानाधारक कारखान्यात दहाहून अधिक वर्षे ते काढलेही जात आहे. मात्र ज्या झाडाची पाने दोरखंडासाठी सतत कापली जातात त्याचा गड्डा, म्हणजे पानांमधले जाड खोड, भरत नाही. साखर बनते पानात, साठते गड्ड्यात. पानेच ओरबाडली तर साठणार काय? वाख आणि मद्य ही दोन्ही पिके एकाच झाडावर घेता येतील, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. उसाला तुरा आला की साखर उतरू लागते हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. घायपातात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर होते. मधून दांडा निघतो, काही आठवड्यांत माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच होतो आणि गड्ड्यातली सगळी साठवण त्यात खर्च होते. म्हणून वाहाकातली कुटुंबे दांडा डोके काढताच तो कापतात आणि झाड तसेच काही महिने, कधी वर्षभरही, उभे ठेवतात. या मुदतीत गड्ड्यात साखर गोळा होते. दांडा कापायला उशीर झाला की गड्डा पोकळ, दोरीसारखा होतो. घाईने कोवळे झाड तोडले तर मद्य कमी निघते आणि हिरवट, कडवट लागते. अनुभवी माणूस पानांच्या बुडाचा रंग, मधल्या सुईची जाडी आणि पाने आखूड होत चालल्याची खूण पाहून झाड निवडतो. एकाच दिवशी, एकाच वयाचे सगळे रान साफ करणे हा कारखान्याचा हिशेब, कुटुंबाचा नव्हे.

लागवड मुनव्यांपासून होते. बुडातून फुटलेले मुनवे काढून, मुळे छाटून, दोन-तीन आठवडे सावलीत सुकू देतात. जखम वाळल्याशिवाय लावले तर पावसात कुजते. पावसाळ्याच्या तोंडाला लावायचे, उताराची, निचऱ्याची जमीन निवडायची, दोन ओळींत मका-घेवडा निघेल एवढे अंतर ठेवायचे. पहिली तीन-चार वर्षे घर त्या मक्यावर चालते. पुढे पाने पसरली की आंतरपीक थांबते. मोठा शत्रू म्हणजे काळा सोंडकिडा: मादी गड्ड्यात अंडी घालते, अळ्या आतून पोखरतात, मागोमाग कूज शिरते आणि वरून ठणठणीत दिसणारे झाड हलवले की हातात येते. एकाच जातीची सलग लागवड असेल तर हा किडा रानच्या रान खातो.

आणि इथेच एक मोठी अडचण आहे, जी इथे कोणी बोलत नाही. दांडा कापला म्हणजे फूल नाही, फूल नाही म्हणजे बी नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुनवे लावत गेल्याने सगळी झाडे एकाच झाडाची नक्कल होतात आणि रोगापुढे सगळी एकदम पडतात. शिवाय घायपाताच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर लांब नाकाची वटवाघळे जगतात; परागीभवनाचे मोठे काम तीच करतात. मेक्सिकोतले वटवाघूळ-शास्त्रज्ञ रोद्रिगो मेदेयीन यांच्या पुढाकाराने तिथे अशी योजना चालते की शेतातली किमान ५ टक्के झाडे फुलू द्यायची आणि मग बाटलीवर तशी खूण मिळवायची. तोबालाला तर मुनवे फुटतच नाहीत, ती बियांवरच वाढते. डोंगरातून फुकट मिळते म्हणून ती ओरबाडली, तेव्हा अनेक भागांत ती दिसेनाशी झाली आणि मग गावकऱ्यांना रोपवाटिका काढाव्या लागल्या.

तोडणी हे जोखमीचे काम. कच्च्या घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कातडीला लागला की आग होते, पुरळ उठते, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. पाने बुडापासून तासून काढली की अननसासारखा दिसणारा गड्डा उरतो. एस्पादीनचा गड्डा सहज ४०-५० किलोचा असतो. पानाचा हिरवा बुडखा जास्त राहिला तर मद्यात कडूपणा उतरतो, फार खोल तासले तर साखर वाया जाते. साधारण १० ते १२ किलो गड्ड्यापासून १ लिटर मेस्काल निघते. पावसाळ्यात तोडलेल्या गड्ड्यात पाणी जास्त असल्याने उतारा आणखी घसरतो. म्हणून मुख्य हंगाम कोरड्या महिन्यांचा.

उसाचा रस काढून तसाच आंबवता येतो. घायपाताचा येत नाही. त्याच्यातली साखर फ्रुक्टान नावाच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते आणि यीस्टला ती फारशी पचत नाही. उष्णतेने साखळी तुटली पाहिजे, तेव्हा फ्रुक्टोज मोकळे होते. सगळी मेहनत या एका रासायनिक अटीपायी आहे. कच्च्या गड्ड्याचा रस काढून थेट पिंपात टाकला आणि काही झाले नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शिजवण्यासाठी जमिनीत शंकूच्या आकाराचा, दोन-तीन मीटर खोल खड्डा असतो, कडा दगडाने बांधलेल्या. तळाशी जाड ओंडके पेटवतात, वर नदीतले गोटे रचतात. गोटे निवडतानाही पारख लागते, कारण ज्यात ओल धरून राहते तो दगड तापला की फुटतो. काही तासांनी गोटे लालभडक होतात आणि लाकडाचा निखारा होतो. निखारा पुरता व्हायच्या आत गड्डे टाकले तर कच्च्या धुराचा डांबरासारखा वास बसतो आणि तो पुढे कशाने जात नाही. गोट्यांवर आधीच्या खेपेचा ओला चोथा अंथरतात, म्हणजे गड्डा थेट दगडाला टेकून करपत नाही आणि वाफही सुटते. मग फोडलेले गड्डे रचायचे. सर्वांत मोठे मध्यभागी, कारण उष्णता तिथे जास्त, लहान कडेला. हे भराभर व्हावे लागते, नाहीतर गोटे निवतात. वर पुन्हा चोथा, ताडाच्या चटया, ताडपत्री आणि मातीचा ढीग. पुढचे काही तास माणूस भोवती फिरत राहतो. कुठून धूर किंवा वाफ निसटली की तिथे माती टाकायची. फट राहिली तर आत हवा शिरते, आग पुन्हा पेटते आणि गड्ड्यांचा कोळसा होतो. तीन ते पाच दिवसांनी उघडल्यावर गड्डा गडद तपकिरी, चिकट, गोड निघाला पाहिजे. आतून पांढरा निघाला तर कच्चा. त्याच्यातून मद्य निघणार नाही. काळा, कोरडा निघाला तर तो तासून फेकायचा. मेस्कालमधला तो धुराचा वास या खड्ड्यातून येतो, बाहेरून काही मिसळून नव्हे.

शिजलेला गड्डा कुटतात. कुठे लाकडी कुंडीत मोगरीने, कुठे ताओना नावाच्या दगडी चाकाने, जे घोडा किंवा खेचर गोल फिरवते. कुटलेले सगळे, चोथ्यासकट, हजारेक लिटरच्या लाकडी पिंपात जाते. पहिला दिवसभर कोरडेच ठेवतात. आतून ऊब धरली की मग कोमट पाणी घालतात. विरजण नाही, नवसागर नाही, काही नाही. पिंपाच्या लाकडात आणि त्या हवेत असलेले यीस्टच काम करतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत दोन आठवडेही लागतात. चोथा वर येऊन त्याची जाड टोपी बनते. ती रोज खाली दाबावी लागते, नाहीतर वरच्या थरात हवा लागून व्हिनेगर होते. पिंपाला कान लावला की आतला तडतडाट ऐकू येतो. तो मंदावला, गोडी गेली आणि टोपी खाली बसू लागली की त्याच दिवशी भट्टी लावायची. एक दिवस गेला तर ॲसेटिक ॲसिड वाढते, आणि आंबट झालेला माल पुन्हा गोड करता येत नाही. हल्ली बरीच घरे साखरमापक काचनळीही वापरतात. त्यात परंपरा बुडाली असे मानायचे काही कारण नाही.

तयार आंबवणात अल्कोहोल चार ते सहा टक्के. ते दोनदा उकळतात. बहुतेक गावांत २५०-३०० लिटरची तांब्याची भट्टी असते. तांबे उष्णता सारखी पसरवते आणि गंधकाचा कुबट वास मद्यातून काढून घेते. सांता कातारिना मिनास आणि सोला दे वेगा भागांत मात्र अजूनही मातीच्या घागरींत काढतात. एका घागरीवर दुसरी बिनबुडाची घागर, वर थंड पाण्याचे भांडे. वाफ भांड्याच्या बुडाला लागून थेंब बनते, थेंब आत धरलेल्या पळीवर पडतो आणि बोरूच्या नळीतून बाहेर येतो. घागर फार तर काही हंगाम टिकते, तडकली तर आतला सगळा माल चुलीत. पहिल्या खेपेत चोथाही भट्टीत घालतात. आग मोठी झाली तर चोथा बुडाला लागतो, आंबवण फसफसून नळीत चढते आणि अख्खी खेप करपट होते. पहिल्या उकळणीतून वीस-पंचवीस टक्क्यांचा माल मिळतो, तो पुन्हा भट्टीत.

दुसऱ्या उकळणीत धार तीन भागांत तोडतात. आपल्या बोलण्यात ‘पहिल्या धारेची’ म्हणजे उत्तम, असा समज पक्का बसला आहे, आणि तो घातक आहे. पहिल्या धारेत अल्कोहोल ६० टक्क्यांच्या पुढे असते खरे, पण ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट ही उग्र वासाची, नकोशी रसायनेही तिथेच गोळा होतात. तिथले जाणकार ती धार वेगळी ठेवतात आणि अखेरीस मद्याची तीव्रता जुळवताना त्यातली थोडीच मोजून वापरतात. मधली धार हेच खरे मेस्काल. शेवटची धार पातळ, आंबट, ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासाची; ती पुढच्या खेपेत पुन्हा उकळतात. तीव्रता पाहायला बोरूच्या नळीने मद्य ओढून भोपळ्याच्या कवटीत सोडतात. साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान मोत्यांसारखे बुडबुडे कडेने माळ धरून राहतात. तीव्रता याहून फार वर किंवा खाली गेली की चटकन फुटतात.

मिथेनॉल या विषारी अल्कोहोलविषयी स्पष्ट बोलायला हवे. घायपातात पेक्टिन भरपूर, त्यामुळे आंबवताना थोडे मिथेनॉल तयार होतेच. पहिली धार फेकली की ते निघून जाते, हा समज साध्या भट्टीला लागू पडत नाही. ते कमीअधिक प्रमाणात सगळ्या धारेत येत राहते. म्हणून मेक्सिकोच्या मानकात शुद्ध अल्कोहोलच्या दर १०० मिलीमागे ३०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे आणि प्रमाणित मेस्कालच्या प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासतात. कान, नाक आणि बुडबुडे यांनी चव कळते, मिथेनॉल कळत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने १०० हून अधिक माणसे मेली. आपल्याकडे विनापरवाना भट्टी लावणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे आणि आमच्या मते तो तसाच राहावा. ज्यांना यात उतरायचे आहे त्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, तपासणीची सोय आणि आठ-दहा वर्षे थांबायची ऐपत आधी जमवावी. शिवाय खड्ड्याला लागणारे लाकूड कोणत्या रानातून आणायचे, आणि भट्टीत उरणारे आम्लधर्मी सांडपाणी, जे १ लिटर मेस्कालमागे १० ते १५ लिटर निघते, ते कुठे सोडायचे, याचेही उत्तर हवे. पंचगंगेत साखर कारखान्यांच्या मळीचे पाणी आल्यावर मेलेले मासे या शहराने पाहिले आहेत.

वाहाकात हे सगळे कसे निभते? कारण ते काम घराचे आहे. आज तोडले जाणारे झाड बापाने किंवा आज्याने लावलेले असते आणि आज लावलेले मुलाच्या हाताला येणार असते. खड्डा भरायच्या दिवशी शेजारी येतात, त्यांच्या खड्ड्यावर आपण जायचे. आपल्याकडचा पैरा तो हाच. बाजारात एस्पादीनचा भाव चढला तेव्हा दूरच्या गुंतवणूकदारांनी डोंगर साफ करून लागवडी केल्या, माल एकदम तयार झाला आणि भाव कोसळला. तेव्हाही मका-घेवडा आणि चार जातींचे घायपात राखलेली घरे कशीबशी तगली. निव्वळ भावाकडे पाहून लागवड करणाऱ्याला असा आधार नसतो.

आता कोल्हापूरने घेण्यासारख्या गोष्टीकडे येतो. मेस्कालला १९९४ मध्ये मेक्सिकोत उगमस्थानाचे संरक्षण मिळाले. म्हणजे इथे घायपातापासून काही काढले तरी त्याला मेस्काल म्हणू नये. भारतातले परवानाधारक उत्पादकही त्याला अगेव्ह स्पिरिटच म्हणतात. २०२५ मध्ये इटलीच्या एका फॅशन कंपनीने आपल्या चपलेसारखी चप्पल मिलानच्या मंचावर आणली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आपण सगळे संतापलो. तो संताप खरा असेल तर दुसऱ्याच्या नावालाही हात लावू नये.

पण नुसत्या नावाच्या संरक्षणाने तिथल्या कुटुंबांचे भागले नाही. मोठ्या भट्ट्या तेच नाव लावून वाफेच्या बंद टाक्यांत घायपात शिजवू लागल्या. मग २०१६ च्या मानकात तीन वर्ग पाडले. साध्या ‘मेस्काल’मध्ये बंद टाकी, यंत्र, स्टीलचे मनोरे चालतात. ‘आर्तेसानाल’ वर्गात शिजवणे खड्ड्यात किंवा बांधीव भट्टीत आणि उकळणे थेट आगीवर, तांब्यात किंवा मातीत. ‘आंसेस्त्राल’ वर्गात फक्त जमिनीतला खड्डा, कुटायला मोगरी किंवा दगड, मातीचेच भांडे, आणि भट्टीत चोथा असलाच पाहिजे. बाटलीवर वर्ग, राज्य आणि घायपाताची जात छापावी लागते. नियमाने कोणती पद्धत चांगली हे ठरवले नाही. कोणत्या भांड्यात, कशावर, कशाने केले ते लिहायला लावले. प्रमाणपत्राचा खर्च न परवडल्याने अनेक छोटी घरे या चौकटीबाहेर राहिली आणि त्यांना आपल्या मालाला मेस्काल म्हणता येत नाही, हा त्या व्यवस्थेतला अन्याय आहे. तो टाळूनही ही कल्पना उचलता येईल.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारात येणाऱ्या बहुतेक रव्यांवर, म्हणजे गुळाच्या ढेपांवर, आत काय आहे ते कळत नाही. ऊस को ९२००५ जातीचा की दुसरा, रस उघड्या काहिलीत चिपाडावर आटवला की वाफेवर, रसातली मळी (गाळ) काढायला भेंडी घातली की नाही, रंग उजळायला हायड्रोस हे गंधकयुक्त रसायन वापरले का, साखर मिसळली का, हे विचारल्याशिवाय समजत नाही आणि विचारून खरे उत्तर मिळेलच असे नाही. पिवळाधमक रवा जास्त भावाने जातो आणि भेंडी घालून काढलेला तांबूस, चांगला गूळ मागे पडतो. गुळव्याने चुलवाणापुढे उभे राहून, पाक तयार झाल्याचा चट्टा कधी पडला ते पाहून काहील उतरवायची, आणि शेवटी साखर वितळवून केलेल्या रव्याशेजारी त्याच भावात बसायचे, हे फार दिवस चालणार नाही. गुऱ्हाळे बंद पडत आहेत ती यामुळेही.

म्हणून बाजार समिती, गूळ उत्पादक आणि मानांकनाचे काम पाहणाऱ्यांना आमची विनंती आहे की रव्यावर पाच गोष्टी छापणे सुरू करावे: उसाची जात, गाव आणि तालुका, काहील उघडी की वाफेची, मळी कशाने काढली, आणि सल्फर डायऑक्साइडचा तपासलेला आकडा, ज्याची कायद्याने कमाल मर्यादा दशलक्षात ७० भाग आहे. तपासणीचा खर्च एकेका गुऱ्हाळावर न टाकता समितीने उचलावा, नाहीतर छोटी घरे वाहाकासारखीच बाहेर पडतील. येत्या हंगामाची गुऱ्हाळे दिवाळीच्या आसपास पेटतील. पहिले रवे बाजारात येण्याआधी एवढे ठरवायला वेळ पुरेसा आहे.

कळावे,
शेती आणि अन्नप्रक्रिया क्षेत्रातील काही वाचक,
कोल्हापूर